घोडी पाणी पिते आहे

शाळेतल्या इतिहासाच्या सनावळ्या केव्हाच गळून गेल्या. घोडी मात्र राहिली. त्यातही मोगलांची घोडी. दिवसभर दौड मारून दमलेली, नदीवर आणली तर पाण्याला तोंड लावेनात, आणि वरचा स्वार वैतागून विचारतोय, “काय रे, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात की काय तुला?” वर्गातली मुलं या ठिकाणी छाती फुगवीत. मला मात्र त्या घोड्याची काळजी वाटे. स्वारी कोणाची, मुलूख कोणाचा, याच्याशी त्या बिचाऱ्याला काय देणंघेणं? त्याला आपलं घोटभर पाणी प्यायचं होतं, आणि तिथेही दोन मिशीवाले सरदार लाटांबरोबर हलताहेत! मधल्या सुट्टीत मी आमच्या शाळेच्या पिंपाचं झाकण उचलून आधी आत डोकावून घ्यायचो. साखळीला बांधलेला पोचे पडलेला पेला आणि माझंच वाकडं झालेलं नाक, याखेरीज तिथे कधी काही दिसलं नाही. पण पाण्याकडे जरा संशयाने पाहायची ती सवय पुढे बरीच वर्षं टिकली.

या प्रकरणाचा निकाल अलीकडे माझ्या भाचीने लावला. ती घोड्यांची डॉक्टर. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि आता आखातात लांब पल्ल्याच्या घोडदौडींमध्ये घोडे तपासायचं काम करते. सुट्टीत मुलुंडला आईकडे आली की एक संध्याकाळ बोरिवलीला माझ्या वाट्याची असते. गॅलरीत चहा घेताना मी तिला ती गोष्ट सांगितली. तिने बिस्किट चहात बुडवलं आणि म्हणाली, “मामा, घाबरली नव्हती रे ती. इतका घाम गेल्यावर घोड्याला तहान लागल्याचं कळतच नाही.” संताजी घोरपडे गेले १६९७ साली. तेव्हापासून दौलतीच्या नावे जमा असलेला एक पराक्रम माझ्या गॅलरीत, बिस्किट विरघळायच्या आत, शरीरशास्त्राच्या खाती वळता झाला.

म्हणजे असं, की माणसाचा घाम मुळात काटकसरी. रक्ताच्या मानाने त्यात मीठ कमी, पाणी जास्त. घाम गाळत गेलो की मागे उरलेलं रक्त खारट होतं, आणि मेंदूत बसलेला पहारेकरी ते चाखून ‘पाणी, पाणी’ म्हणून ओरडायला लागतो. घोड्याचा घाम उधळ्या. पाण्याबरोबर मीठही रक्ताच्या तोडीस तोड, किंबहुना काकणभर जास्तच, बाहेर फेकतो. उन्हातल्या दौडीत तासाला दहा-पंधरा लिटर घाम सहज जातो. त्यात लॅथरिन नावाचं एक साबणासारखं प्रथिन असतं, म्हणून लगाम घासतो तिथे मानेवर पांढरा फेस जमतो. पण पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरीने गेल्यामुळे उरलेल्या रक्ताची चव काही बदलत नाही. पहारेकरी चाखून बघतो, ठीकठाक लागतं, आणि डुलकी काढतो. इकडे घोडा आतून वाळत चाललेला असतो आणि भरल्या नदीकाठी उभा राहून पलीकडच्या झाडाकडे बघत असतो.

लांब पल्ल्याची दौड म्हणजे महालक्ष्मीच्या मैदानावरचं दोन-तीन मिनिटांचं काम नव्हे. कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप नावाची एक दौड होते. ताहो सरोवराच्या बाजूच्या डोंगरांतून ऑबर्न गावापर्यंत शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, चोवीस तासांच्या आत. अशा दौडींत वाटेवर ठिकठिकाणी डॉक्टर बसलेले असतात. घोडा आला की ठरलेल्या मिनिटांत त्याची नाडी उतरली पाहिजे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत साधारण ६४ ठोक्यांचा हिशेब असतो. मग हिरडी बोटाने दाबून सोडायची आणि ती किती लवकर गुलाबी होते ते बघायचं, कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती किती चटकन बसते ते बघायचं. शेवटी पोटाला नळी लावून ऐकायचं. गुडगुड ऐकू आली तर सगळे खूश. पोट गप्प असेल तर मात्र डॉक्टरांचे चेहरे उतरतात. आतडी थांबली म्हणजे घोडं थांबलंच. आमच्या भाचीला निम्मा पगार हा गुडगुडाट ऐकण्याबद्दल मिळतो म्हणायला हरकत नाही. मला हे ऐकून भलतंच बरं वाटलं. शोकसभेतल्या दोन मिनिटांच्या शांततेत आणि लग्न ठरवायच्या बैठकीत नेमकं ज्याचं पोट बोलायचं, अशा माणसाला जगात कुठेतरी या गोष्टीचे गुण देतात हे कळणं म्हणजे केवढा दिलासा.

तर या घोड्यांना वाटेत खायला-प्यायला शिकवावं लागतं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे माणसांना सांगायचं. घोड्यासाठी विहीर तयारच असते, तहान तेवढी खणून काढावी लागते. सुरुवात घरापासून. रोजच्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस नाहीतर काकवी घालायची. मग परमुलखातल्या पाण्यात तेच मिसळलं की तेही ओळखीचं वाटतं. (आमच्या नात्यातली काही माणसं खोपोली ओलांडली की पाण्याला नावं ठेवायला लागतात. त्यांच्यावर हा उपाय अजून कोणी केलेला नाही.) गवत द्यायचं ते भिजवून. बीटाचा चोथा आणि कोंडा यांचं गुरांच्या आंबोणासारखं सैलसर कालवण, म्हणजे खाता खाता पाणीही पोटात जातं. घोड्याचं जठर देहाच्या मानाने लहान. तो मुळात दिवसभर चरत राहणारा प्राणी, त्याला दोन वेळचं जेवण ही कल्पना माणसाने शिकवली. म्हणून चालता चालता वाटेवरच्या गवताला तोंड घातलं तर रागवायचं नाही. सोबत एखादी मुरलेली, वयस्क घोडी द्यायची. ती डबक्यात तोंड बुडवते, मग शिकाऊ घोडाही बुडवतो. आणि डबकंच. स्वच्छ बादली समोर धरली तर हुंगून मान फिरवणारा घोडा चिखलाच्या पाण्यावर तुटून पडतो. भाचीने हे सांगितल्यावर मला रस्त्याकडेची पाणीपुरी आठवली, पण मी बोललो नाही. ती नुकतीच तिथूनच आली होती.

तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, पोटशूळ उठतो, असं जुने मोतद्दार सांगत. आता डॉक्टर म्हणतात, पिऊ द्या, फक्त पिऊन झाल्यावर त्याला चालता ठेवा. अमेरिकेत मिशिगन स्टेट नावाचं एक विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी दमलेल्या घोड्यांना आधी मिठाचं पाणी दिलं आणि नंतर साधं. तर ते घोडे एरवीपेक्षा जास्त पाणी प्याले, कारण मीठ पोटात गेल्याबरोबर तो झोपलेला पहारेकरी जागा झाला. अंधेरीतल्या कुठल्याही बारचा मालक खारे शेंगदाणे फुकट का देतो, हे त्यांनी आधी विचारलं असतं तर पुष्कळ श्रम वाचले असते.

पण या सगळ्यात अवघड धडा स्वाराचा. पाण्यापाशी आल्यावर त्याने काही करायचं नसतं. लगाम सैल सोडायचा, वाटल्यास खाली उतरायचं, आणि उभं राहायचं. घोडा आधी नुसते ओठ लावतो, पाणी उडवतो. मग मान वर करून दूर कुठेतरी बघतो. हनुवटीवरून थेंब गळताहेत, डोळ्यांत कसलाही विचार नाही. झालं याचं, असं समजून स्वाराने इथे लगाम ओढला की शिकवणी बुडाली. थांबला तर घोडा पुन्हा मान खाली घालतो आणि आता खरं पितो. त्याचे कान बघावेत. प्रत्येक घोटासरशी ते एकदा मागे जातात, एकदा पुढे येतात. जाणती माणसं कानांवरून घोट मोजतात. पिऊन होताच टाच मारायची नाही. नाहीतर पाणी प्यालं की लगेच पळायला लावतात, एवढंच तो शिकतो. या उभं राहण्याला चांगल्या-चांगल्या स्वारांना महिने लागतात, असं भाची सांगते. घोडा आठवड्याभरात तयार होतो.

माझे आजोबा या विद्येत तयार होते. त्यांचं गाव दौंडकडचं, भीमेच्या काठचं. त्या भागाला पूर्वी भीमथडीच म्हणत, आणि तिथल्या घोड्यांनाही. संध्याकाळी बैल नदीवर नेले की आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून शीळ घालायचे. गाणं नव्हे, चाल नव्हे. एकच लांब, उतरता सूर, पुन्हा पुन्हा. बैल त्या सुरावर पाणी पीत. सूर थांबला की तेही थांबत, आणि मग आजोबा पुन्हा सुरू करीत. घरात कोणाशी दोन वाक्यांवर न बोलणारा तो माणूस बैलांसाठी दम लागेपर्यंत शीळ घाली. नदीपलीकडून धनगरांचा वाडा जाताना दिसे. पुढे मेंढरं, मागे बुटकी, चिवट भीमथडी घोडी. पाठीवर अंथरुणं, भांडी, दोरीने बांधलेली एखादी कोंबडी, आणि वरच्या झोळीतून डोकं काढून बघणारं कोकरू. तो सगळा प्रपंच पाठीवर घेऊन घोडी चालता चालता बांधावरचं गवत ओरबाडत असत. त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. मेंढरांच्या चालीने चालायचं म्हणजे खायला वेळच वेळ. या भीमथडी घोड्याला स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारदरबारी नोंद मिळाली ती अगदी हल्ली. घोडं त्याआधी काही शतकं वाट चालतच होतं.

त्याच घोड्यांवर मराठ्यांच्या दौडी झाल्या, आणि त्या दौडींच्या मागे वैरणीचा हिशेब होता. राज्याभिषेकाच्या आसपासचं, चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीला लिहिलेलं शिवाजी महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लढाईचं काही नाही. दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, अशी तंबी आहे. शिवाय रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, ही काळजी. उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत ज्याचं लक्ष जातं, त्याची घोडी पुढच्या मुक्कामाला पोचतात. बाजीरावाची गोष्ट याच्या उलट बाजूची. त्याचं चित्र काढायला दिल्लीच्या बादशहाने चितारी पाठवला, असं सांगतात. चिताऱ्याने काढला तो साधा स्वार. भाला खांद्याला, लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला, आणि दोन्ही हातांनी जोंधळ्याची कणसं चोळून दाणे तोंडात टाकत चाललेला. आपण त्यात बाजीरावाचा साधेपणा बघतो. भाचीने बघितला तो सैल लगाम. “म्हणजे घोडा मान खाली घालू शकत होता,” ती म्हणाली. “स्वार खात होता तेव्हा घोडाही खात असणार बघ.” १७२८ मध्ये पालखेडला याच माणसाने निजामाची फौज पाण्यापासून तोडून कोंडीत पकडली. पाणी म्हणजे काय चीज आहे, हे त्याला घोड्याच्या पाठीवरून कळलं असावं, असं मला उगीच वाटतं.

माझ्या घराजवळून जाणाऱ्या स्वामी विवेकानंद मार्गाला जुनी माणसं अजून घोडबंदर रोड म्हणतात. वांद्र्याहून अंधेरी, बोरिवली करीत तो खाडीकाठच्या घोडबंदराकडे जायचा. तिथे अरबी घोडे जहाजांतून उतरत म्हणून हे नाव पडलं, अशी समजूत आहे. तिथला पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. पूर्वेला घाटकोपर-मुलुंडमधून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. म्हणजे आमची सगळी उपनगरं घोड्यांच्या वाटेवर बसली आहेत आणि अजून लांब पल्ल्याच्या दौडीच करताहेत. बोरिवली ते चर्चगेट ३४ किलोमीटर. सोमवारी सकाळी निघालेला माणूस बुधवारी सकाळी दादरला पोचतो, तेव्हा त्याचे १६० किलोमीटर पुरे झालेले असतात. तिथे त्याच्या पोटाला कोणी नळी लावत नाही. पुढे उजव्या हाताला महालक्ष्मीचं मैदान दिसतं, जिथले घोडे दोन मिनिटं पळून दिवसभर खरारा करून घेतात.

आणि या दौडीत आम्ही शिकलो ते नेमकं उलट. खाण्याचं एक वेळ जमतं. डबेवाले आपला तोबरा कचेरीत आणून पोचवतात, परतीच्या गाडीत बायका मटार सोलता सोलता चार दाणे तोंडात टाकतात. पाण्याचं मात्र नाव काढायचं नाही. लोकलमध्ये सोय नसते, स्टेशनावरची सोय ही सोय म्हणवत नाही, तेव्हा घरून निघण्याआधी तासभर पाणी प्यायचं नाही, हा उपनगरांतल्या बायकांचा अलिखित नियम. माझी बहीण, म्हणजे या भाचीची आई, मुलुंडहून व्हीटीला नोकरीभर गेली. पर्समध्ये पाण्याची बाटली रोज असे. सकाळी भरून नेई, संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच परत आणी. आम्ही चिडवायचो, ‘बाटलीला मुंबई दाखवून आणतेस का?’ आता ती निवृत्त झाली, घरात दोन फिल्टर आहेत, कुठे जायचं नाही, कोणती गाडी पकडायची नाही, तरी तिला तहान लागत नाही. मेंदूतल्या पहारेकऱ्याला तिने तीसेक वर्षं गप्प बस म्हणून सांगितलं. तो बिचारा आता विचारायलाही येत नाही.

डॉक्टर लेकीने आधी फोनवरून भांडून पाहिलं. मोबाइलवर दर तासाला वाजणारी घंटा लावून दिली, तर बहीण ती घंटा बंद करून पुन्हा वाचायला बसे. या खेपेला मी मुलुंडला गेलो तेव्हा निराळंच पाहिलं. भाचीने पाण्याचा पेला आईच्या हाताशी ठेवला आणि तिथेच उभी राहिली. ‘पी’ म्हणाली नाही. खिडकीतून खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं ते बघत राहिली. आईने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला, कोणाच्या तरी बारशाचं काहीतरी सांगू लागली. मी पेला उचलून आत नेणार होतो, तर भाचीने डोळ्यांनीच मला दटावलं. बारसं संपलं. बहिणीचा हात आपसूक पुन्हा पेल्याकडे गेला आणि या वेळी तो रिकामाच खाली आला. माझी नजर तिच्या कानांकडे गेली, हे मी दोघींपैकी कोणालाच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात घाटकोपरला एका लग्नाला आम्ही तिघं गेलो. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५ च्या न्यायालयाच्या निकालाने रस्त्यावरून गेल्या, पण नवरदेवाची घोडी अजून आहे. पांढरी, कपाळावर आरशांची झूल, पायांत घुंगरू. वरात हॉलपासून जेमतेम दोनशे पावलांवर होती आणि तासाभरापासून तिथेच होती. बँडवाले कानाशी तुतारी फुंकताहेत, पोरं रस्त्यावर लोळून नाचताहेत, मागे बेस्टची बस हॉर्न वाजवतेय, आणि घोडेवाल्याने रंगाच्या डब्याची केलेली बादली शांतपणे घोडीपुढे ठेवली. घोडीने मान खाली घातली. नवरदेव पुढे झुकला आणि घाईघाईने त्याने तिच्या मानेला मिठी मारली. बँडमास्तरने ‘चला’ अशी खूण केली. घोडेवाल्याने नुसता तळहात वर धरला. सगळी वरात थांबली. त्याचे ओठ चंबू झालेले दिसत होते, शीळ घालत असावा. त्या गोंगाटात मला ऐकू आली नाही, घोडीला येत होती. आरशांच्या झुलीवर तिचे कान एका लयीत मागेपुढे होत होते. तिने मान वर केली, घाटकोपरकडे एकदा पाहून घेतलं, बँडमास्तर पुन्हा सरसावला. “अजून पिणार ती,” भाची त्याला म्हणाली. घोडेवाल्याने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि आदराने मान डोलावली. घोडी खरोखरच पुन्हा प्यायली, बादलीचा तळ लागेपर्यंत. मग त्याने खिशातून भिजवलेले हरभरे काढून तळहातावर धरले.

वर सेहऱ्याच्या झिरमिळ्या हलल्या. “मामा,” आतून घोगरा आवाज आला, “सकाळपासून घसा कोरडा पडलाय. मला पण थोडं पाणी मिळेल का?”

“हॉलवर गेल्यावर बघू,” नवरदेवाचे मामा म्हणाले. “आता सेहरा कोण काढत बसणार? चल, उशीर होतोय.”